दहा वजा तीन अधिक दोन

तळा, ८ जुलै २०२५

चि. क्रांती हीस, अ. उ. आ.

कं-चे-भा-गु-बे-व! शाळेच्या कौलांखाली माझा अख्खा वर्ग एका सुरात म्हणायचा, तो घोष अजून कानात आहे. तुझ्या बाबाचा, दिनानाथचा आवाज सगळ्यांच्या वर.

तुझ्या कोर्सच्या मॅडमना गणित सोडवणारा पायथॉनचा प्रोग्राम हवाय, तोही गणित परस्पर सोडवून देणारं आयतं इव्हॅल न वापरता. तुझा म्हणे २ + ३ * ४ चे वीस सांगतो! अगं, तो डावीकडून वाचत सुटलाय. आधी ओळ फोड. आकडे वेगळे, चिन्हं वेगळी. मग आमचा मंत्र लाव: कंस, 'चे', भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. चौदा येतील.

दिनानाथ बरा आहे ना? तुझी आजी गेल्यावर तो उरणला चला म्हणाला, मी तळा सोडेना. तेव्हापासून अबोला. मी आपला भिंतींना कविता म्हणून दाखवतो.

तुझ्या खुशालीची वाट पाहणारा,
आजा

उरण, १५ जुलै

ती. आजोबांस, शि. सा. न.

चौदा आले! पण मग मॅडमनी १० - ३ + २ दिलं. तुमच्या मंत्रात बेरीज आधी, म्हणून प्रोग्रामने तीन-दोन मिळवून दहातून पाच काढले. उत्तर पाच, हवं होतं नऊ. शुक्रवारी चाललं नाही तर माझं नाव कोर्समधून जाणार होतं.

मी रडकुंडीला आले. बाबा न्हावा शेव्याच्या बंदरात ट्रेलर लावून येऊन जेवत होते. एरवी तुमचा विषय निघाला की ताटावरून उठतात. या वेळी घास हातातच धरून म्हणाले, की बेरीज-वजाबाकी सख्ख्या बहिणी, दोघींचा मान सारखा. डावीकडून जी आधी भेटेल ती आधी. भागाकार-गुणाकाराचंही तसंच. गुरुजी मंत्रानंतर हे दर वेळी सांगायचे म्हणे. गुरुजी म्हणजे तुम्हीच, आजोबा!

मी दोघींना सारखा क्रमांक दिला. नऊ आले. शुक्रवारी पासही होईन.

माया असू द्या.
तुमची क्रांती

तळा, २० जुलै

चि. क्रांती हीस, अ. उ. आ.

पास झालीस ना? कळव.

मंत्र मी लिहिला नि त्याची पुढची ओळच विसरलो. ती तुझ्या बाबानं इतकी वर्षं जपली. तुझं पत्र वाचताना अक्षरं पुसट झाली, पोरी.

तळा माझ्याच्यानं सुटायचा नाही. पण दोघांचा मान सारखा असेल, तर आधी बोलायला मला लाज कसली? पुढच्या रविवारच्या एसटीनं चार दिवस येतोय. त्याला सांगू नकोस.

भेटीअंती माया वाढो.
तुझा आजा

ता. क. पाकीट डकवत होतो, तोच फाटक वाजलं. खिडकीतून पाहतो तर दिनानाथ! आत येईना, फाटकाला हात लावून नुसता उभा आहे.

आधी मीच हाक मारतो.