विहिरीकडचा हापूस

मंगळवार, श्रावण

ऊन अडवायला आकाशात कण फवारावेत का, यावर एकमत नाही. बातमीसाठी आज दोन शास्त्रज्ञांना फोन केले. एक म्हणाले, "दुसरा उपाय उरणार नाही." दुसऱ्या बाई म्हणाल्या, "सुरू केलं की थांबता येणार नाही. थांबलात तर उष्णता एकदम अंगावर येईल."

बातमी दिली. डोळ्यांपुढे मात्र विहिरीकडचा हापूस. मोहोरासाठी दरवर्षी मुळाशी औषध घालायचो. बंद केलं, तेव्हापासून एक तुरा नाही.

दादाला हे सांगितलं. "तुझ्या शास्त्रज्ञांना आपल्या विहिरीवर आण रे," म्हणून हसला.

बाबांच्या हातचं दुसरं कलम अजून बिनऔषधाचं. थंडीच पडत नाही, म्हणून तेही यंदा मोहोरलं नाही. दादा म्हणतो, आता त्यालाही औषध घालू. नको म्हणू? कशाच्या जोरावर?

सकाळी दादा त्याच्या बुंध्याशी खणायला येईल.