बाबांना आवडायचा

तामसुई, बुधवार

प्रिय आ-जेन,

सहा दिवस तुझे फोन घेतले नाहीत. बाबा मैदानावर गेलेत, असं आई सांगते. तुला ते पटलं नसणारच. नोकरी सुटून मला चार वर्षं झाली, मैदानावर माझं काय काम?

गेल्या गुरुवारी त्साई काकूंच्या दुकानात मासळीच्या गोळ्यांचं सूप पीत बसलो होतो. टीव्हीवर तू दिसलीस तसा काकूंनी आवाज वाढवला, शेजारच्या न्हाव्यालाही हाक मारून बोलावलं. तू खेळ सोडतेयस हे तू मला आधीच सांगितलं होतंस. पुढचं मात्र ठाऊक नव्हतं. बातमीदार बाईने विचारलं, एकोणीस वर्षं व्यावसायिक खेळल्यावर आता कशाची आठवण येईल? तू हसलीस आणि म्हणालीस, "कशाचीच नाही. मला गोल्फ कधी आवडलाच नाही. बाबांना आवडायचा."

न्हावी म्हणाला, "पोरी थट्टा करतात हो, काका." त्साई काकू त्याच्यावर खेकसल्या, "तू गप बस, जा, गिऱ्हाईक ताटकळलंय तुझं." मी उठलो तो घरी न जाता थेट मैदानाच्या कुंपणाशी पोचलो. कितीतरी वेळाने कळलं, छत्री दुकानातच राहिलीय आणि आपण नखशिखान्त भिजलोय.

पहिले दोन दिवस मनातल्या मनात तुझ्याशी भांडत होतो. तीस वर्षं मी तिथलं गवत कापलं. साहेबलोक गेले की कुणीतरी टाकून दिलेल्या दांड्याने चारदोन चेंडू मारायचे, एवढंच माझं खेळणं. सात वर्षांची तू मागे मागे यायचीस. तुझा पहिला फटका ओढ्यापलीकडे गेला तेव्हा पिशव्या उचलणाऱ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मला वाटलं, देव पावला. ओसाकाला जिंकलीस त्या दिवशी मी पूर्वजांपुढे संत्री ठेवली. चषक हातात घेऊन तू रडत होतीस. पोरगी आनंदाने रडतेय, असं मी गल्लीभर सांगत सुटलो.

तिसऱ्या दिवशी आईला म्हणालो, "आवडत नव्हतं तर एकदा तरी बोलायचं होतं तिने." ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "बोलली होती की. तुम्हीच तर दारात उभे होतात."

ते खरं आहे, जेन. तू चौदा वर्षांची होतीस. आई तुझ्या तळहातावरच्या फोडांना मलम लावत होती. तू तिला म्हणालीस, मला नाही खेळायचं, मला मैत्रिणींबरोबर शाळेत जायचंय. पण बाबांना सांगू नकोस, ते खचतील. मी शब्दन् शब्द ऐकला. मग आत येऊन विचारलं, "उद्या पाचला निघायचं ना?" तू हो म्हणालीस. बाबांना काही कळलंच नाही, असं समजून तू पंचवीस वर्षं खेळत राहिलीस, आणि मी तुला तसं समजू दिलं. गुरुवारी मी ते दुसऱ्यांदा ऐकलं. शनिवारी तू घरी येशील तेव्हा हे तुझ्या तोंडावर सांगायची हिंमत मला होणार नाही, म्हणून आधी लिहून पाठवतोय. वाचून यावंसं वाटलं, तरच ये.

तुझाच,
बाबा