मरळाचा रस्सा

आबा, आज मासळी बाजारात भांडून आले. तुमची नात परवा बाळंत झाली, मुलगा झाला. पोट फाडून काढावा लागला, आणि पोरगी आता तोंडात काही घेईना. सगळ्याला औषधाचा वास येतो म्हणते, दूधही नीट उतरेना. म्हणून बाळंतिणीच्या रश्श्याला मरळ शोधत होते. बाजारातली बाई आंध्रातनं बर्फात आलेला रोहू पुढं करून म्हणते, "ह्योच घे की, मासा तो मासा!" मी म्हटलं, "मी भोयाची लेक हाय, मला शिकवू नगंस." माणसं वळून बघायला लागली. तुम्ही असता तर कपाळाला हात लावला असता.

हीच पोरगी जन्मली तेव्हाचं आठवतं? आपल्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मी खाटेवर पडलेय आणि तुम्ही दारातनं आत येताय. खांद्यावर ओलं पोतं, पोत्यात काहीतरी वळवळतंय, फरशीभर तळ्याचं पाणी. डॉक्टरीणबाई कडाडल्या, "हा दवाखाना आहे का बाजार?" तुम्ही चपला काढून उभे. "बाई, लेक बाळंतीण हाय. रस्सा पाजतो न् जातो की." मग मागं आयाच्या खोलीत, तिच्या स्टोव्हवर तुम्ही स्वतः रस्सा केलात. हळद, लसूण, मिरी, बस्स. वॉर्डभर वास सुटला आणि मी लाजेनं अर्धी झाले. संध्याकाळी त्याच डॉक्टरीणबाई रिकामी वाटी घेऊन आल्या, तेव्हा तुम्ही मिशीतल्या मिशीत हसत होता.

तो दवाखाना आता चकाचक झालाय. नवी फरशी, नवा रंग, दारात केवढा तरी फलक. फक्त भूल द्यायला डॉक्टर नाही. जागा मंजूर आहे म्हणतात, माणूस येत नाही. त्यामुळं जरा काही अडलं की चला कोल्हापूरला. पोरगी गाडीत कळा देत होती आणि मी तिचा हात धरून सरकारला शिव्या घालत होते. ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, जरा दमानं, मलाच दिल्यागत वाटायलंय."

तळ्याचंही तसंच. भोयांच्या सोसायटीकडं होतं तेव्हा तुम्ही फुगवलेल्या ट्यूबवर बसून जाळं टाकायचात आणि पिल्लं घेऊन फिरणारा मरळ दिसला की मुकाट जाळं आवरायचात. आता तळ्याचा लिलाव होतो, मोठी बोली त्याचं पाणी. उत्पादन वाढवायचं हे धोरण आहे म्हणे. ठेकेदार कटला-रोहूचं बीज, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडतो आणि मरळ ते बीज खातो, म्हणून आधी मरळच काढून टाकतात. खाणारच की तो, दुसरं काय करील? पण त्याची बाजू कोण मांडणार!

काल मी तिथंही गेले होते. राखणदार काठी घेऊन धावत आला, मग ओळख पटली. "आबांची लेक न्हवं तू? उगं आलीस बघ. मरळ औषधालाबी ऱ्हायला न्हाय." तो इतका ओशाळून बोलला की माझा रागच गेला. बांधावर बसून रडले. तुम्ही गेलात तेव्हाही एवढी रडले नव्हते. मासा नको होता मला, आबा, तुम्ही हवे होता, ते ओलं पोतं घेऊन दारात उभे.

शेवटी आज भांडून झाल्यावर त्याच बाईकडनं तोच रोहू घेतला. इथल्या कोल्हापूरच्या दवाखान्यामागच्या चहावालीच्या शेगडीवर तुमच्यासारखाच रस्सा केला. पोरीला म्हटलं, "आजोबांच्या तळ्यातला मरळ हाय, पी." तिनं डोळे मिटून वाटी संपवली, वर आणखी मागितला. म्हणते, "मरळाची चव येगळीच असती की गं, आई."

ती झोपल्यावर पातेल्यात उरलेला घोट मी तोंडात घेतला. वाटलं, मला तरी फरक कळेल. कितीतरी वेळ जिभेवर धरून ठेवला. बाळ कुरकुरलं, तसा गिळला.

हे पत्र कुठं जाणार नाही, ते बरंच आहे. बाजारात एवढं तोंड वाजवून आले, आणि मला काही फरक कळला नाही, आबा. तुमच्या मरळाची चव मी विसरलेय.