तुमच्या कऱ्यातलं पाणी

बापू, अक्षय तृतीयेला, आपल्या आखितीला, तुमच्या नावाने भरलेला मातीचा करा यंदा मी मायच्या अंगावर ओतला. ती बरी आहे. हे आधी सांगितलं, कारण तुम्हाला निकाल आधी आणि गोष्ट नंतर लागायची. परवापासून नीट जेवते आहे, काल माझ्याशी भांडलीसुद्धा. म्हणून आज दुकानात बसून हे लिहायला हात चालतो आहे.

टेंभुर्णीच्या घरात मी काय काय केलं, ते तुम्ही पाहायला हवं होतं. तुम्ही गेलात तेव्हा मी पंख्याच्या जळालेल्या मोटारींत तार भरत होतो. आता पत्रा कापण्यापासून पंप बसवण्यापर्यंत अख्खा कूलर बनवतो, आणि हे काम कोणाच्या हाताखाली शिकलेलो नाही. मायच्या खोलीच्या पत्र्यावर बाहेरून चुन्याचे दोन हात दिले. समोरासमोर दोन खिडक्या ठेवल्या, कारण कोंडलेल्या खोलीत कूलर नुसता दमटपणा वाढवतो. कूलरला वाळ्याची ताटी लावली, भिंतीवर तापमापक. बाहेर त्रेचाळीस असताना आत पारा एकतिसाच्या वर जाऊ दिला नाही. रोज फोनवर आकडा विचारायचो. माय म्हणायची, "तुझ्या भिंतीवरच्याला विचार. मला कशाला विचारतो?"

ती बरोबर म्हणायची. मी खोली मोजत होतो, आणि आखितीच्या दिवशी माय खोलीत नव्हतीच. मी आणि तुमची सून सकाळीच गावी पोचलो, तर ती पाचपासून चुलीपुढे. तुमचं पुरण गॅसवर शिजलेलं तिला चालत नाही. पित्तर म्हणून जेवायला यायचे होते ते तुमचेच सळईच्या मिलमधले जोडीदार, बदनापूरचे. त्यांची बस रस्त्यात बंद पडली. ते जेवल्याशिवाय आणि त्यांच्या हाती करा दिल्याशिवाय माय तोंडात पाण्याचा थेंब घेत नाही, हे तुम्हाला काय सांगायचं. अकरा वाजले, साडेबारा वाजले.

"माय, घोटभर घे."

"ह्यांच्या आधी? तू पी, तुला कोन आडवलं?"

"तहान न्हाई लागली?"

"बिलकुल न्हाई."

तिथेच मी चुकलो. ती खोटं बोलत नव्हती. तिच्या वयात शरीराला पाणी हवं असलं तरी तहान लागेलच असं नाही, हे मला दवाखान्यात कळलं. एरवी मी कोणाचं माप स्वतः घेतल्याशिवाय मानत नाही. त्या दिवशी मानलं.

दीडच्या सुमाराला ती पदर सावरत ओसरीवर आली. माझ्याकडे पाहून म्हणाली, "अहो, डबा घेतला का? मिलची पाळी चुकंल."

ती मला तुम्ही समजली होती. हात धरला तर तव्यासारखा, आणि घाम नाही. खाली बसली ती आडवीच झाली. तुमची सून तांब्या घेऊन धावली, तिच्या ओठांना लावणार, तेवढ्यात मी तो बाजूला केला.

बापू, त्या क्षणी आपण मिलमध्ये आहोत. मी एकोणीस वर्षांचा, नवीन लागलेला. भट्टीपासून वीस हातांवर तुमच्या पाळीतला एक म्हातारा भिंतीला टेकून काहीबाही बरळतो आहे आणि मी त्याच्या तोंडात पाणी घालतो आहे. तुम्ही माझ्या मनगटावर असा फटका मारता की ग्लास घरंगळत जातो. "भानावर न्हाई त्याच्या नरड्यात पानी ओतून राह्यला? ठसका लागून मरंल तो. आधी अंग गार कर. मान, काखा, जांघा. वारा घाल. बराबर बोलाया लागला, मंग पाज." सगळ्या पाळीसमोर. मी आठ दिवस तुमच्याशी बोललो नव्हतो.

वरच्या टाकीचं पाणी उकळतं होतं. घरात सगळ्यात गार होता तुमचा करा, पाच लिटरचा, मीच कुंभाराकडून मापून आणलेला, ओल्या पंच्यात गुंडाळून सकाळपासून देवापाशी ठेवलेला.

"अहो, पित्तराचं पानी हाय ते," तुमची सून ओरडली.

"त्यांना थांबाया सांग."

पंचा मानेखाली, पाणी अंगावर, टेबलफॅन जवळ ओढला. तुमच्या सुनेने ॲम्ब्युलन्सला फोन केला. ती येईपर्यंत माठही संपवला. गाडीतसुद्धा मी ओल्या पंच्याने वारा घालत होतो. संध्याकाळी सलाईन चालू असताना मायने डोळे उघडले, मला ओळखलं, आणि विचारलं काय तर, "पित्तर जेवले का?"

"जेवले. रस दोनदा घेतला."

"अन् करा?"

"दिला."

दिला खरा, पण मागे थांबलेल्या तुमच्या सुनेने, शेजारच्यांच्या माठातून पुन्हा भरून. ते तिला अजून सांगितलेलं नाही. दवाखान्यातल्या बाकावर बसून मी खूप वेळ नुसता तिचा घाम पाहत होतो. कपाळावर बारीक थेंब आले होते, आणि इतकं चांगलं माझ्या तापमापकाने मला कधी काही दाखवलं नव्हतं.

कालचं भांडण असं की पुढच्या आखितीला चुलीपुढे बसायचं नाही आणि उठल्या उठल्या दोन पेले पाणी, करा नंतर. "ह्यांना काय वाटंल?" माय म्हणाली. मी म्हटलं, आधी पाणी पी, असं बापूच म्हणाले असते. "म्हणाले असते," म्हणाली, "शिवी देऊन."

हे पत्र कुठे टाकायचं नाही. मोटारींची मापं लिहितो त्या वहीत राहील. एक तेवढं उरलं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाणी पाजलं नाही, आधी अंग गार केलं, म्हणून निभावलं; कुठं शिकलात? मी म्हणालो, "आपलं आपणच, मॅडम." त्या तिथेच उभ्या राहून कागद भरत होत्या. दुरुस्त करायला वेळ होता, बापू. केलं नाही.