आईच्या हातातली थरथर

मंगळवार, सेकंड शिफ्ट, चहाची सुट्टी

कॉलेज सुटलं, मृणाल काही सुटली नाही. तिला बंगळूरला संशोधनाची जागा मिळालीय. आईबापाकडून पोरांत उतरणाऱ्या किडनीच्या आजारावर जीन बदलून इलाज शोधायचा. म्हणजे आमच्याच घरातला आजार. ज्याच्यापायी आईचं डायलिसिस सुरू झालं आणि मी शिक्षण सोडून चाकणला कंपनीत लागलो, तोच.

आणि मी फोनवर काय बोललो? "आमच्या दुखण्यावर मोठी हो तू." डोकं फिरलं की तोंड थांबतच नाही माझं.

ती शांतपणे म्हणाली, "तू सोनोग्राफी करून घे. तुलाही असू शकतो."

थांब कसं म्हणू तिला? जा तरी कसं म्हणू?

निघताना रोजच्यासारखी आईच्या हातावर, डायलिसिसची सुई टोचतात त्या शिरेवर बोटं ठेवली. थरथर लागली की शीर चालू आहे.

आई म्हणाली, "भांडलास व्हय पोरीशी? तुजीच बोटं थरथरत्यात. माजं काय कळणार तुला?"

खरंच कळेना. पुन्हा ठेवून पाहिली.

कंपनीच्या बसमधून मृणालला 'जा' एवढंच पाठवलं. लगेच तिचं आलं, 'आणि सोनोग्राफी?'

गेटवर फोन जमा करावा लागतो, याचं आज पहिल्यांदा बरं वाटलं.