आता कमान एका हाताने उचलते

भाऊजी,

आईंना डॉक्टरकडे नेतेय, यायला उशीर होईल. जेवण झाकून ठेवलंय. बागेतली फवारणी आज तुम्हालाच करावी लागेल, म्हणून ट्रॅक्टरचं सांगते.

ट्रॅक्टर उलटला तर माणसाला वाचवणारी ती सीटमागची लोखंडी कमान आता जड राहिली नाही. वेल्डरकडून तिला भंगारातल्या गाडीच्या डिकीचं झाकण उचलून धरणारे गॅसचे दांडे बसवून घेतलेत. फांद्यांखाली जाताना एका हाताने खाली पाडा, बाहेर आलात की तशीच वर करा, पिन घाला, मगच पट्टा बांधा. 'आता कोण उचलतंय ते धूड' असं हे म्हणायचे. बांधावरून ट्रॅक्टर उलटला तेव्हाही ती खालीच पडलेली होती. तुम्हाला तसं म्हणायला मी जागा ठेवलेली नाही.

एक विचारायचं होतं. काल शेडच्या बुटक्या दारातून आत घेताना मी कमान पाडली आणि कंटाळा करून तशीच ठेवली. सकाळी ती उभी होती, पिनसुद्धा बसलेली. आईंच्याने ती पिन हलतही नाही, आणि तुम्ही तर हे गेल्यापासून शेडकडे फिरकला नाहीत.

तुम्ही केली असेल तर बरंच झालं. नसेल, तर मला सांगू नका.

वहिनी