भांड्याखालची पट्टी

ह्युऑनव्हिल, टास्मानिया
१४ ऑगस्ट १९९६

लाडक्या डॅरल,

बरा आहेस ना? की खाणीतल्या खानावळीत जेवून आणखी सुटलास? इथे थंडी नुसती मी म्हणतेय. आई मजेत आहे. मला खून-तपासाच्या पथकात सहा आठवडे झाले, पण चहा करायचा असला की अजून सगळ्यांना माझीच आठवण येते.

शेजारचे ॲल्बनकाका गेले हे फोनवर सांगितलं, पण कसे ते नाही. आई आतल्या फोनवरून ऐकते. गुरुवारी सफरचंदांच्या शेडमध्ये कोणीतरी त्यांच्या डोक्यात घाव घातला. माझी पहिलीच केस.

आई मजेत आहे, हे खोटं लिहिलं रे.

काकांच्या सिंकमध्ये मटणाचं अर्धं संपलेलं भांडं होतं. खाली चिकटपट्टी, त्यावर आईच्याच अक्षरात तिचं नाव: 'पेग टिलयार्ड. भांडं परत करणे.' आणि आई तर म्हणाली होती, गुरुवारी मी घराबाहेर पाऊल टाकलं नाही. मी पट्टी उचकटली आणि खिशात घातली. हो, मी, पोलिसानं.

घरी येऊन पुन्हा विचारलं. "अगं, गेले होते की. तो ॲल्बनचा पुतण्या, क्लेम, कुऱ्हाडीचा दांडा घेऊन उभा. मला म्हणतो, म्हातारे, घरी जा. मेल्याला बोलायची रीत नाही." आणि पाचच मिनिटांनी, "ॲल्बनला जेवण पोचवून येतेस का? एकटाच असतो बिचारा."

दोन दिवस गप्प बसले. सांगावं, तर कोर्टात वकील अख्ख्या गावासमोर तिच्या विसरण्याची चिरफाड करणार. न सांगावं, तर क्लेम मोकळा. शेवटी पट्टी साहेबांच्या टेबलावर ठेवली. केस माझ्याकडून काढून घेतली, नोकरीचं नंतर बघू म्हणाले.

काल आईचा जबाब झाला. मला तिच्या आधाराला बसू दिलं. क्लेमचं तिनं सगळं नीट सांगितलं, दांड्यासकट. माझा जीव भांड्यात पडला. मग साहेबांनी सहज विचारलं, मुलं किती तुम्हाला?

"एकच. डॅरल."

तेव्हा माझा हात तिच्या हातात होता.

तुझा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू. रजा काढ आणि ये. कोर्टात तिच्या शेजारी तूच बस. आणि आलास की तिला तेवढं सांग, तुला एक बहीण आहे म्हणून.

तुझी ताई,
केरिन